वायफाय लागतं, पण लॉगिन पेज येत नाही: राउटर बंद-चालू करण्याआधी काय तपासायचं

अभ्यासिका, कॉलेजचं वसतिगृह, लॉज, वाचनालय, जिथे वायफायला वेब लॉगिन आहे तिथे एक तक्रार ठरलेली. फोनवर वायफायची खूण दिसते, पण लॉगिन पेज उघडतच नाही. किंवा उघडतं, लॉगिनही होतं, आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा पासवर्ड मागतं. मग कोणीतरी राउटर बंद करून चालू करतं, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बंद-चालू केल्यावर चालतं, कारण त्यामुळे बऱ्याच राउटरच्या मेमरीतल्या याद्या पुसल्या जातात: कोणता आयपी (जाळ्यातला पत्ता) कोणाला दिला, कोण लॉगिन झालं, कोणाची मुदत किती उरली. यादी भरली किंवा बिघडली का, हे मात्र तसंच राहतं. शिवाय यादीबरोबर पुरावाही जातो. म्हणून हात बटणाकडे जाण्याआधी पाच मिनिटं काढून कुठे अडलंय ते बघा.

आत नेमकं काय घडतं

उपकरण वायफायला जोडलं की आधी डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, आयपी पत्ता घेतं. मग वापरणाऱ्याने काहीही न करता, फोन स्वतःहून एका ठरलेल्या पत्त्यावर साधी एचटीटीपी विनंती पाठवतो. अँड्रॉइड फोन कनेक्टिव्हिटीचेक डॉट जीस्टॅटिक डॉट कॉमला विचारतो आणि २०४ क्रमांकाच्या रिकाम्या उत्तराची वाट बघतो. आयफोन आणि मॅक संगणक कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉमकडून ‘सक्सेस’ हा शब्द मागतात. विंडोज १० आणि ११ एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉमवरची एक छोटी टेक्स्ट फाइल वाचतात. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं.

अपेक्षित उत्तर आलं तर फोन म्हणतो, नेट मोकळं आहे. गेटवेने, म्हणजे जाळं आणि इंटरनेट यांच्यामधल्या नाक्यावरच्या राउटरने, विनंती मधेच अडवून ३०२ च्या (‘दुसरीकडे जा’ अशा) उत्तराने लॉगिन पेजकडे वळवली, तर फोन ‘साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. वापरणारा नाव-पासवर्ड किंवा ओटीपी देतो, गेटवे तो रेडियस सर्व्हरकडून (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडून) पडताळून घेतो आणि त्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या वायफायचा ओळख क्रमांक), बहुधा आयपीसकट, परवानगीच्या यादीत टाकतो.

गेटवेला माणूस दिसत नाही, मॅक पत्ता दिसतो. वारंवार लॉगिन मागण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

कुठे अडलंय ते शोधणं

ज्याच्या फोनवर चालत नाही त्याचाच फोन हातात घ्या. मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर पेज मोबाइल नेटवरून उघडेल आणि तुमची दिशाभूल होईल. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. मग या क्रमाने:

१. वायफायच्या तपशिलात आयपी, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) वाचा. आयपी नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीपाशीच अडलंय. आयपी आहे पण तुमच्या ठरलेल्या रेंजमधला नाही, तर जाळ्यात दुसराच कोणी पत्ते वाटतोय.

२. ब्राउझरमध्ये गेटवेचा किंवा पोर्टलचा (लॉगिन पेजचा) पत्ता थेट टाइप करा. पेज उघडलं तर पोर्टल जिवंत आहे. अडचण वळवण्यात आहे.

३. एचटीटीपी लावून, म्हणजे शेवटी एस न देता, ८.८.८.८ हा आकडी पत्ता उघडा. त्यानंतर तसंच नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. आकड्यावर लॉगिन पेज येतं आणि नावावर येत नाही, तर डीएनएस. दोन्हींवर येतं, तर जाळं ठीक आहे. फोनची आपोआप उघडणारी खिडकी तेवढी येत नाही.

लॅपटॉपवर हेच करायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून पहिली पायरी होते.

आयपी मिळत नाही

हिशेब मांडून बघा. १२० खुर्च्यांची अभ्यासिका, दिवसात तीन पाळ्या, प्रत्येकाकडे एक फोन आणि एक लॅपटॉप. म्हणजे २४ तासांत ७२० उपकरणं. अनेक लहान राउटरमध्ये डीएचसीपीचा साठा १०० ते १९९ एवढाच असतो, म्हणजे १०० पत्ते, आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची. सकाळच्या पाळीतच साठा संपतो. सकाळी आलेले निघून गेले तरी त्यांचे पत्ते रात्रभर अडकून राहतात. संध्याकाळी येणाऱ्यांना जास्त त्रास का होतो, याचं उत्तर हे.

साठा मोठा करा. सबनेट, म्हणजे जाळ्यातल्या पत्त्यांचा पट्टा, /२४ वरून /२२ वर नेलं की २५४ ऐवजी १०२२ पत्ते मिळतात. लीज ८ तासांवर आणा. फक्त लीज कमी करून भागवू नका, आणि लीज लॉगिनच्या मुदतीपेक्षा लहान तर कधीच ठेवू नका. एकाची लीज संपली, तोच आयपी दुसऱ्याला गेला आणि पहिल्याचं लॉगिन अजून जिवंत असलं, तर आयपीवरून ओळखणाऱ्या गेटवेवर दुसरा माणूस पहिल्याच्या नावावर आत जातो. लॉगमध्येही पहिल्याचंच नाव राहतं. लीज ८ तास असेल तर लॉगिनची कमाल मुदत ६ तास, हे प्रमाण सुरक्षित आहे.

परका पत्तेवाटप्या मिळाला तर तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी खोलीतला छोटा राउटर असतो; त्याच्या लॅन पोर्टमध्ये भिंतीतली केबल खुपसलेली असते. स्विचमध्ये (केबली जोडायच्या पेटीत) डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्याचं पत्तेवाटप अडवायची सोय, असेल तर ते चालू करा आणि फक्त गेटवेकडे जाणारा पोर्ट विश्वासाचा ठेवा. ती सोय नसेल, तर चुकीचा पत्ता मिळालेल्या फोनवरून गेटवेचा आयपी घ्या, त्याचा मॅक शोधा आणि स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते बघा.

आयपी आहे, पण पेज येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि गोंधळही इथेच असतो.

पहिली शक्यता डीएनएसची. लॅपटॉपमध्ये कोणीतरी ८.८.८.८ हाताने भरून ठेवलेलं असतं. लॉगिनआधी गेटवे बाहेरचं काहीच जाऊ देत नाही, त्यामुळे नाव उलगडत नाही, तपासणीची विनंतीच निघत नाही, मग वळवणार काय? प्रत्येकाचा लॅपटॉप दुरुस्त करत बसू नका. गेटवेवर नियम टाका: लॉगिन न झालेल्या उपकरणाकडून ५३ पोर्टवर (हा डीएनएसचा ठरलेला क्रमांक) जे काही येईल ते गेटवेच्याच डीएनएसकडे वळवायचं. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर विनंती ८५३ पोर्टवरून कूटबद्ध जाते आणि ती असं वळवून चालत नाही. त्या फोनवर ती सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करायला सांगा. लॉगिननंतर ८५३ मोकळा असेल तर वापरणारा ती पुन्हा लावू शकतो.

सिस्को कंपनीच्या जुन्या वायफाय कंट्रोलरवर आणखी एक गाठ असते. त्यांच्या लॉगिन पेजसाठीच्या आभासी इंटरफेसला १.१.१.१ हा पत्ता द्यायची पद्धत होती. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअर कंपनीने याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सुरू केला. ज्यांनी तो डीएनएस भरलाय त्यांच्या विनंत्या कंट्रोलरवरच आदळतात. आभासी इंटरफेसला १९२.०.२.१ द्या, हा गट फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखीव असल्यामुळे कोणाशी भांडत नाही.

दुसरी शक्यता एचटीटीपीएसची. वापरणारा थेट बँकेची किंवा मेलची साइट उघडतो. ती कूटबद्ध असल्यामुळे गेटवे तिच्या जागी स्वतःचं पेज दाखवू शकत नाही. दाखवायला गेला तर प्रमाणपत्राचा इशारा येतो. एचएसटीएस (फक्त कूटबद्ध जोडणीची सक्ती) असलेल्या साइटवर तर ‘तरीही पुढे जा’ असं बटणही मिळत नाही. अनेक गेटवेमध्ये ‘एचटीटीपीएस वळवा’ अशी खूणचौकट असते. ती लावू नका. तिच्यामुळे लोकांना लाल इशारे ओलांडायची सवय लागते, आणि ती सवय बाहेर कुठेतरी महागात पडते. त्याऐवजी लॉगिनआधी ४४३ पोर्टवर (एचटीटीपीएसच्या) येणाऱ्या जोडण्या गुपचूप गिळण्याऐवजी टीसीपी रीसेट (‘जोडणी तोड’ असा निरोप) देऊन नाकारा. ब्राउझर मिनिटभर फिरत बसत नाही, लगेच हार मानतो.

तिसरी शक्यता वॉल्ड गार्डनची, म्हणजे लॉगिनआधीही उघडणाऱ्या पत्त्यांच्या यादीची. ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून ती शोधायला अवघड. ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण चालावं म्हणून कोणीतरी यादीत गूगलचे आणि जीस्टॅटिकचे सगळे पत्ते घालतं. आता अँड्रॉइडची तपासणी खुशाल बाहेर जाते, २०४ घेऊन येते, आणि फोनला वाटतं इथे लॉगिनची गरजच नाही. सूचना येत नाही, नेटही चालत नाही. ॲपलचं डोमेन घातलं असेल तर आयफोनचं हेच. यादी आयपीवर चालणारी असेल तर प्रकरण आणखी बिघडतं, कारण गूगलच्या अनेक सेवा त्याच आयपीवर असतात. एक उघडली की शेजारच्याही उघडतात. यादीत फक्त पोर्टलचं होस्टनेम आणि पैसे भरायची सोय असेल तर त्या सेवेचे नेमके पत्ते ठेवा. तपासणीचे पत्ते त्यात कधीच असू नयेत.

तसंही गूगल लॉगिन या खिडकीत चालवणं व्यर्थ आहे. फोन आपोआप जी खिडकी उघडतो ती पूर्ण ब्राउझर नसते, आणि गूगल अशा अंतर्भूत खिडकीतलं लॉगिन ४०३ देऊन नाकारतं. पोर्टलचं पेज साधं ठेवा: एक फॉर्म, एक बटण, बाहेरून आणलेला फाँट किंवा स्क्रिप्ट नाही. बाहेरची स्क्रिप्ट लॉगिनआधी अडकते आणि पांढरं पान दिसतं.

पोर्टल एचटीटीपीएसवर असेल तर त्याला खरं होस्टनेम आणि मान्यताप्राप्त प्रमाणपत्र द्या. आयपीवर स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र वापरू नका. ते होस्टनेम तुमच्या स्थानिक डीएनएसमध्ये गेटवेच्या आयपीकडे उलगडलं पाहिजे. मुदतीकडेही लक्ष हवं: लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आणि १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राला २०० दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. ‘वर्षातून एकदा बदलू’ हा हिशेब संपला. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था लावा.

नवीन गेटवे असेल तर एक चांगला मार्ग आहे. डीएचसीपीचा ११४ क्रमांकाचा पर्याय उपकरणाला थेट सांगतो की इथे पोर्टल आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकाने तो ठरवला. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून तो समजतो. यात भरायचा असतो तो एपीआयचा, म्हणजे फोनने स्वतः वाचायच्या माहितीचा, एचटीटीपीएस पत्ता. तिथून जेसन या मांडणीतल्या उत्तरात लॉगिन पेजचा पत्ता मिळतो. लॉगिन पेजचाच पत्ता इथे भरणं ही नेहमीची चूक आहे.

लॉगिन होतं, पण पुन्हा पुन्हा मागतं

आधी दोन मुदती वेगळ्या ओळखा. एक निष्क्रियतेची: अमुक वेळ काही हालचाल नाही तर बाहेर. दुसरी कमाल: हालचाल असो वा नसो, अमुक तासांनी बाहेर. फोनचा पडदा बंद झाला की वायफाय झोपतं आणि ५ मिनिटांची निष्क्रिय मुदत सहज उलटते. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरच्या डिफॉल्ट हॉटस्पॉट प्रोफाइलमध्ये कीपअलाइव्ह (उत्तर न देणाऱ्या उपकरणाची वाट बघायची मुदत) २ मिनिटं असतो. झोपलेला फोन उत्तर देत नाही, गेटवे त्याला गेला असं धरतो. निष्क्रिय मुदत ३० ते ६० मिनिटं ठेवा, कीपअलाइव्हही तेवढाच वाढवा. याच प्रोफाइलमध्ये शेअर्ड यूजर्स १ असतो. त्यामुळे एका नावावर फोन चालू असताना लॅपटॉप आत येत नाही. दोन उपकरणं द्यायची असतील तर २ करा. रेडियसकडून सेशन टाइमआउट येत असेल तर तो गेटवेवरच्या आकड्यावर मात करतो, म्हणून दोन्हीकडे बघा.

मुदती ठीक असूनही मागत असेल, तर मॅक बदलतोय. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, यादृच्छिक मॅक वापरतात. तो ओळखायची खूण सोपी आहे: मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला आहे. हा मॅक नेटवर्कच्या नावावर ठरतो. त्यामुळे तळमजल्याला एक नाव आणि वरच्या मजल्याला दुसरं नाव दिलं असेल तर जिना चढल्यावर फोन गेटवेसाठी नवा होतो आणि पुन्हा लॉगिन लागतं. सगळ्या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या पेट्यांना) एकच नाव द्या. आयओएस १८ मध्ये खासगी पत्त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्थिर’ आणि ‘बदलता’ असे पर्याय आहेत. वापरणाऱ्याला ‘स्थिर’ ठेवायला सांगा. विंडोजमध्ये ‘रोज बदला’ असा पर्याय असतो, तो लावलेला नाही ना ते बघा. खरा मॅक दाखवायचा आग्रह मात्र धरू नका. स्थिर यादृच्छिक मॅकने पोर्टलचं काम पूर्ण भागतं आणि माणसाची माग काढण्याची सोयही उरत नाही.

याच्या उलट तक्रारही येते: एकाने लॉगिन केलं की खोलीतले सगळे फुकट आत. तिथे मध्ये एखादा राउटर नॅट करत बसलेला असतो. त्याच्या मागची दहा उपकरणं गेटवेला एकाच मॅकची दिसतात. वॉचमनने चेहरा न बघता फक्त गाडीचा नंबर लिहून घेतला, तर गाडीत किती जण बसलेत ते त्याला कळत नाही, तसं. वाढीव राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. काही स्वस्त रिपीटरही मागच्या सगळ्यांचा मॅक बदलून आपलाच पुढे करतात. पोर्टलच्या जाळ्यात ते नकोतच.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

रेडियस दूरच्या सर्व्हरवर असेल तर आधी वेळ बघा. मायक्रोटिकवर रेडियसची डिफॉल्ट प्रतीक्षा ३०० मिलिसेकंदांची आहे. स्थानिक सर्व्हरला ती पुरते, क्लाउडवरच्या सर्व्हरला संध्याकाळच्या गर्दीत पुरत नाही. ३००० करा. मग पोर्ट: पडताळणीला १८१२, वापराच्या हिशेबाला १८१३, दोन्ही यूडीपी, खूप जुन्या सर्व्हरवर १६४५ आणि १६४६. शेअर्ड सीक्रेट (गेटवे आणि रेडियस यांच्यातला सामाईक पासवर्ड) जुळत नसेल तर फ्रीरेडियस या रेडियस सॉफ्टवेअरच्या डीबग लॉगमध्ये पासवर्डच्या जागी कचरा अक्षरं दिसतात.

सगळं काल चालत होतं आणि अपडेटनंतर सगळ्यांनाच नकार येतोय? जुलै २०२४ मध्ये रेडियसमधली ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली. तेव्हापासून नव्या आवृत्त्यांमध्ये मेसेज-ऑथेंटिकेटरची, म्हणजे पाकिटात फेरफार झालेला नाही या खुणेची, सक्ती करता येते. एका बाजूने सक्ती केली आणि दुसरी बाजू जुनी राहिली तर पाकिटं नाकारली जातात. सक्ती काढू नका, दुसरी बाजूही अपडेट करा.

वीज गेल्यानंतरची तक्रार वेगळी असते: ‘तुम्ही आधीच लॉगिन आहात.’ गेटवे अचानक बंद पडला, ‘सेशन संपलं’ हा निरोप रेडियसला गेलाच नाही, आणि एकाच वेळी एक लॉगिन हा नियम लावलेला. फ्रीरेडियसच्या रेडअकाउंट तक्त्यात संपण्याची वेळ रिकामी असलेल्या ओळी शोधा. गेटवेवर मधल्या हिशेबाचा निरोप (‘सेशन अजून चालू आहे’) ६०० सेकंदांनी लावा, आणि ज्या ओळीत गेल्या ३० मिनिटांत निरोप आला नाही ती आपोआप बंद करणारं काम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) टाका. गेटवे आणि स्विचला छोटा यूपीएस दिला तर हे बरंच टळतं.

ओटीपी येत नाही

भारतात सार्वजनिक वायफायला ओटीपी लागतो तो दूरसंचार विभागाच्या २००९ च्या सूचनांमुळे: वापरणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या संकेताने. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी जसाच्या तसा जुळावा लागतो. पोर्टलच्या पेजवर सुधारणा करताना कोणी एसएमएसमध्येही ‘ओटीपी’च्या जागी ‘कोड’ लिहिलं, एक पूर्णविराम वाढवला, की ऑपरेटर संदेश अडवतो. एसएमएस पुरवठादाराच्या पॅनलमध्ये ‘पाठवला’ एवढंच न बघता वितरण अहवालातलं कारण वाचा. तळघरात किंवा जाड भिंतींच्या वाड्यात मोबाइलची रेंज नसेल तर एसएमएस पोहोचणारच नाही. तिथे आणि भारतीय नंबर नसलेल्या पाहुण्यांसाठी ओळखपत्र बघून छापील व्हाउचर द्या.

आयफोनवर ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की लॉगिनची खिडकी अनेकदा बंद होते आणि वायफायही सुटतं. फॉर्ममधल्या रकान्याला एकवेळ कोडाचा ऑटोकम्प्लीट गुणधर्म द्या म्हणजे कोड कीबोर्डवरच सुचवला जातो. ओटीपीची मुदत किमान ५ मिनिटं ठेवा, आणि परत आलेल्या माणसाला पुन्हा नंबर न विचारता थेट कोडाच्या रकान्यावर आणा.

दोन सुटलेल्या जागा

लॉगिन न करताही काही साइट उघडतात आणि काही उघडत नाहीत, असं दिसलं तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बघा. पुरवठादाराने ते चालू केलेलं असतं आणि पोर्टलचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लावलेले असतात. गेटवे आयपीव्ही६ साठी पोर्टल चालवू शकत असेल तर नियम तिथेही लावा. नसेल तर पाहुण्यांच्या व्हीलॅनवर (त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या जाळ्यावर) राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे आयपीव्ही६ पत्ता घ्यायला लावणारे निरोप, बंद करा.

प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा यांना लॉगिन पेज दाखवता येत नाही. त्यांचे मॅक सूट-यादीत टाकावे लागतात. पण कोणाचाही मॅक नक्कल करता येतो आणि कॅमेऱ्याचा मॅक बहुधा त्याच्या पोटावर छापलेला असतो. म्हणून ही उपकरणं पाहुण्यांच्या जाळ्यात ठेवू नका. वेगळ्या व्हीलॅनवर, पासवर्डच्या वायफायवर ठेवा आणि प्रिंटरला इंटरनेटची वाटच देऊ नका.